साहेबांचा जादा गेम

खांडेपारकर साहेबांनी दहा कॉम्प्युटर गेमचा स्वस्तातला संच ऑनलाइन घेतला. त्यातला एक गेम त्यांच्याकडे आधीपासूनच होता. मग काय, साहेबांच्या अंगात दानशूर कर्णच संचारला! ऑफिसात सभा भरवून, शाल-श्रीफळ देऊन त्यांनी तो जादा गेम सुरू करायचा कोड हाताखालच्या चारुशीलाला अर्पण केला. फोटो निघताच शाल परत कपाटात गेली.

"आता तुम्हीही मन मोठं करा," साहेब सगळ्यांदेखत तिला म्हणाले. "येता रविवार कंपनीला द्या. फुकट!"

साहेबांना नाही म्हणणाऱ्याची बढती अडते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चारुशीला हसली. "देते की, साहेब! तुम्ही दोनातला एक दिलात. माझ्या आठवड्यात दोन रविवार आले, की त्यातला जादाचा तुमचाच."