खालचा कागद

“…म्हणजे आता तरी ती ओळ लावू ना, उस्ताद?”

मल्लिकार्जुन धापा टाकीत होता. मिरजेच्या लक्ष्मी मार्केटपासून दर्ग्याच्या गल्लीपर्यंत तो जवळजवळ पळतच आला होता.

दस्तगीर उस्ताद चहाची बशी ओठांशी नेत होते. ती त्यांनी तशीच धरून ठेवली.

“कोणती ओळ?”

“काय उस्ताद! महिनाभर रोज विचारतोय. आज दुकान उघडतंय माझं. काचेवर दुकानाचं नाव लागलं, माझं नाव लागलं. त्याच्याखाली एक पट्टी मोकळी ठेवलीय. ‘दस्तगीर उस्तादांचे शागीर्द.’ बस्स, एवढंच. तुम्ही हो म्हणा, लगेच कापतो.”

उस्तादांनी चहा संपविला. बशी धुऊन पालथी घातली. मग ते चपला शोधू लागले.

“चल. बघू.”

दस्तगीर उस्ताद हे मूळचे पाट्या रंगविणारे. रंगाच्या पाट्या मागे पडल्या आणि बाजारात चिकट पन्नीची अक्षरे आली, तेव्हा त्यांनी कुंचला ठेवून बारीक सुरी हाती घेतली. या पन्नीला बाजारात सर्वजण रेडियम म्हणतात. तिचे दोन थर असतात. वर रंगीत पन्नी आणि खाली तिला सांभाळणारा कागद. वरचा थर पूर्ण कापला गेला पाहिजे; खालच्या कागदाला मात्र त्याची वार्ताही लागता कामा नये. उस्तादांकडे जो कोणी शिकावयास येई, त्यास ते पहिल्या दिवशी एवढेच सांगत. बहुतेकांना ते फारच थोडे वाटे.

मल्लिकार्जुन मात्र टिकला होता. त्याचा हात खरोखर चांगला होता. दुर्दैवाने ही गोष्ट त्यालाही ठाऊक होती.

वाटेत तो एकसारखा बोलत होता.

“काच आधी स्वच्छ धुतली, उस्ताद. मग साबणाचं पाणी फवारलं. अक्षरं ठेवली, ओली असतानाच सरकवून ओळीत आणली. मग रबरी पट्टीनं मधून कडेकडे पाणी काढलं. एक बुडबुडा दाखवा मला!”

“आणि असता तर?”

“सुईनं टोचून दाबला असता. ओढून काढला नसता.”

“शाबास.”

“कापायचं मशीन चालू करण्याआधी दर वेळी कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून बघतो. पातं बोथट झालं असेल तर चौकोनाचे कोपरे ओढले जातात. मग माल वाया जात नाही.”

“शाबास.”

“मग?”

“मग काय?”

“मग ओळ, उस्ताद!”

“दोनदा शाबास म्हटलं की रे. एका सकाळी किती खाशील?”

दुकानाच्या दाराला झेंडूचे तोरण होते. दारापुढे मुलींचा नुसता कल्लोळ चालला होता. खो-खोचा हा संघ राज्य स्पर्धेसाठी निघाला होता आणि त्यांच्या जर्सी ही दुकानाची पहिली ऑर्डर होती. प्रत्येक मुलगी दुसरीच्या पाठीवरचे नाव मोठ्याने वाचीत होती, जणू ते आजच ठेवले गेले होते. गाडी कोपऱ्यावर उभी होती.

“मल्लूदादा आला! पेढे कुठायत, दादा?” संघाची कर्णधार रेणू ओरडली.

“आधी उस्तादांना बघू द्या!”

सर्वांनी वाट करून दिली. मल्लिकार्जुन काचेपाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पसरले. काचेवर मोठ्या लाल अक्षरांत ‘शुभाक्षर’ असे दुकानाचे नाव होते. त्याखाली, किंचित अधिक मोठ्या अक्षरांत, ‘मल्लिकार्जुन हत्तीकर’.

उस्तादांनी काचेकडे पाठ केली.

“खालचा कागद आण.”

“कागद?… उस्ताद, तो टोपलीत गेला. तुम्ही काच तर बघा!”

“काच सगळेच बघतात. कागद आण.”

टोपली उपडी झाली. दोन चुरगळलेले कागद निघाले. उस्तादांनी पहिला तळहाताने सरळ केला आणि उन्हात धरला. कागद अखंड होता. निरखून पाहिले तरच नखाने ओढल्यासारख्या फिकट रेघा दिसत होत्या.

“हा ‘शुभाक्षर’चा. कोणी कापलं?”

“मशीननं.”

“आणि हा?”

“तो माझ्या नावाचा.” मल्लिकार्जुनचा आवाज चढला. “ते मी हातानं कापलं. तुम्ही शिकवल्या सुरीनं. माझं स्वतःचं नाव काय मशीननं कापायचं?”

उस्तादांनी दुसरा कागद उन्हात धरला.

आणि काय आश्चर्य! कागदातून ऊन आरपार आले. उस्तादांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, थेट छातीवर, तेजाळ अक्षरे उमटली… मल्लिकार्जुन हत्तीकर.

मुलींनी एकच गिल्ला केला.

“अगं बघा, बघा! दादाचं नाव उन्हानं लिहिलंय!”

“उस्तादांच्या छातीवर!”

टाळ्या पडल्या. मल्लिकार्जुनच्या अंगावर काटा आला. त्याने आकाशाकडे पाहिले, उस्तादांकडे पाहिले, आणि काचेच्या खालच्या मोकळ्या पट्टीकडे पाहिले.

“उस्ताद… हा तर कौलच मिळाला म्हणायचा!”

“अक्षरं काचेवर नेण्यासाठी उचललीस, तेव्हा कागद बरोबर आला होता?”

“आला थोडा. अक्षरांच्या मागं चिकटून. नखानं काढला.”

“सगळा?”

“…जवळजवळ.”

 उस्तादांनी कागदाची घडी घातली आणि ते पायरीवर बसले.

ऊन सरकत सरकत काचेवर आले.

प्रथम ‘म’ने एक कोपरा उचलला. मग ‘ल्लि’ची कड वळली. मल्लिकार्जुनने धावत जाऊन अंगठा दाबला. अंगठा काढताच ती पुन्हा वर आली. तोवर पलीकडे ‘हत्ती’ अर्धा सुटून लोंबू लागला होता.

“दादा,” रेणू म्हणाली, “तुमचं नाव आता खरंच उठून दिसतंय.”

हसण्याचा फवारा उडाला. वरची ‘शुभाक्षर’ ही अक्षरे काचेला घट्ट धरून होती.

मल्लिकार्जुनचे कान लाल झाले.

“म्हणजे मशीन माझ्यापेक्षा बरं. सरळ म्हणा ना, उस्ताद.”

“मशीनला काय माहीत, ते कोणाचं नाव कापतंय.”

“म्हणजे?… म्हणजे ओळ नाहीच ना?”

 कोपऱ्यावरून गाडीचा हॉर्न वाजला.

त्याच वेळी एक उंच, काटकुळी मुलगी गर्दी सारीत पुढे आली. तिच्या हातात कोरी जर्सी होती.

“दादा, माझी राहिली. कालच्या सरावात कमलचा पाय मुरगळला. तिच्या जागी मला घेतलंय.”

“आत्ता? गाडी निघाली की! नाव काय?”

“शर्मिष्ठा.”

मल्लिकार्जुनने कपाळावर हात मारला.

“आणखी अवघड नव्हतं मिळालं?”

“आईला विचारा.”

“नुसता नंबर टाकू?”

“सगळ्यांच्या पाठीवर नाव, आणि माझी पाठ कोरी?” तिचा आवाज एकदम खाली आला. “इतकी वर्षं बाकावर बसून टाळ्या वाजवल्या, दादा. मैदानात माझं नाव अजून कोणी पुकारलेलं नाही.”

मल्लिकार्जुनने क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग तो आत धावला.

जर्सीवर बसणाऱ्या पन्नीचा एक तुकडा तेवढा शिल्लक होता. तो इतका लहान, की मशीनच्या चाकांना त्याच्या दोन्ही कडा सापडेनात.

“हातानंच कापायला हवं,” तो स्वतःशी पुटपुटला.

या पन्नीखाली कागद नसतो. पारदर्शक, किंचित चिकट प्लॅस्टिक असते. तेच नावासकट कपड्यावर पालथे ठेवावयाचे असते, म्हणून नाव आरशात दिसावे तसे उलटे कापावे लागते. मल्लिकार्जुनने पातळ कागदावर नाव लिहिले, कागद पालथा केला, पन्नीवर धरला.

“पातं?” दारातून उस्ताद म्हणाले.

“बदललं.”

“किती बाहेर?”

“पन्नीच्या जाडीइतकं. टोक जेमतेम दिसतंय.”



सुरी चालू लागली. ‘श’चे वळण. ‘र्मि’ची वेलांटी आणि तिच्या माथ्यावरचा रफार. प्रत्येक कोपऱ्यावर हात थांबतो आणि थांबला की रुततो. तेथे त्याने सुरी उचलली, पन्नी फिरविली आणि पुन्हा अलगद टेकविली. शर्मिष्ठा टेबलाच्या कडेला ओणवी झाली होती. तिने श्वास रोखला होता.

“‘ष्ठा’ला जरा हळू, दादा,” ती कुजबुजली.

“गप्प बस गं. तुझंच नाव आहे, पळून जात नाही.”

हॉर्न पुन्हा वाजला.

नको असलेली पन्नी त्याने चिमट्याने सोलून काढली. ती एका ओढीत, सबंध, न फाटता निघाली. मल्लिकार्जुनचे तिकडे लक्षही नव्हते. त्याने कोरी जर्सी इस्त्रीसारख्या तापल्या यंत्राखाली एकदा तशीच दाबली, कापडातला ओलावा काढला, सुरकुत्या काढल्या. मग नाव पाठीच्या मध्यावर ठेवले, वर कागद अंथरला आणि यंत्राचा दांडा खाली ओढला.

“चला रे! निघालो!” चालकाने हाक दिली.

“आलो! आलोच!” मल्लिकार्जुन आतूनच ओरडला, जणू त्यालाच खेळावयाचे होते.

दांडा वर गेला. त्याने झडप घालून प्लॅस्टिकची कड धरली.

उस्तादांचा हात त्याच्या मनगटावर पडला.

“थांब.”

“उस्ताद, गाडी!”

“गरम आहे. आता ओढलंस तर नाव प्लॅस्टिकबरोबर येईल.”

“पण तिची गाडी…”

“गार होऊ दे.”

… … …

बाहेर गाडीचे इंजिन घरघरू लागले. शर्मिष्ठा एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारीत होती. रेणू गाडीच्या दारात आडवी उभी राहून चालकाशी भांडत होती. उस्तादांनी जर्सीवर तळहात ठेवला. ठेवला… आणि उचलला.

“आता.”

प्लॅस्टिक तिरकस, शांतपणे निघाले. नाव कापडावर राहिले. रफारासकट, वेलांटीसकट.

शर्मिष्ठाने किंकाळीच फोडली. तिने अंगातल्या कपड्यांवरच जर्सी चढविली आणि ती रस्त्यावर धावली.

“वाचा ना गं! कोणीतरी वाचा ना!”

“शर्मिष्ठा!” सगळा संघ एका आवाजात गरजला. “शर्मिष्ठा! शर्मिष्ठा!”

शेजारचा पानवालाही ओरडला. चालकाने हॉर्नने ताल धरला. मुली आत कोंबल्या गेल्या, खिडक्यांतून हात बाहेर आले आणि गाडी त्या नावाच्या गजरात वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

मल्लिकार्जुन रस्त्याच्या मधोमध उभा होता. घामाने निथळत होता आणि मोठ्याने हसत होता. ते प्लॅस्टिक अजून त्याच्या हातातच होते.

“ऐकलंत, उस्ताद? काय ओरडल्या! ‘ष्ठा’ कसला बसलाय, बघितलात ना पाठीवर?”

“तुझं नाव पडलं,” उस्ताद म्हणाले.

काचेवर ‘शुभाक्षर’ तेवढे उरले होते. त्याखालची अक्षरे पायरीवर गोळा होऊन पडली होती.

“पडू दे हो, उद्या बघू. आत्तापर्यंत पुलापाशी गेल्या असतील, नाही?”

उस्तादांनी त्याच्या हातातून प्लॅस्टिक घेतले. मागच्या बाजूने अंगठा फिरविला. मग ते उन्हात धरले. त्यांच्या सदऱ्यावर ऊन पडले. अक्षर एकही पडले नाही. चीर नव्हती. रेघ नव्हती.

ते काचेपाशी गेले. खालची मोकळी पट्टी त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसली. प्लॅस्टिकची चिकट बाजू काचेकडे केली, मधून कडेकडे अंगठा फिरविला आणि ते तेथे चिकटवून टाकले. एकही बुडबुडा राहिला नाही.

“हे काय लावलंत, उस्ताद?”

“महिनाभर मागत होतास ती ओळ.”

मल्लिकार्जुन जवळ गेला. वाकला. डोळे बारीक करून पाहू लागला. त्यातून आरपार दुकान दिसत होते… टेबल, सुरी, यंत्राचा वर गेलेला दांडा.

“पण उस्ताद…” तो हळूच म्हणाला, “यावर तर कोणाचंच नाव नाही.”

उस्तादांनी पेढ्याचा खोका उघडला आणि एक पेढा त्याच्या तोंडात कोंबला.

“बरोबर वाचलंस.”