सागाचा पाला

माणसांचा पाय रानाला लागला नव्हता तेव्हाची गोष्ट. डोंगरउतारावर साग आणि मोह शेजारी होते. मोहाखाली पडलेला पाला वाळवी खाई आणि त्याची माती करी. एकदा ती सागाकडे आली.

"तुमचाही पाला संपवू का?"

साग खेकसला, "चालती हो! आमच्या घराण्याला वाळवी शिवत नाही."

वाळवी गेली. सागाखाली पाला साचत साचत गुडघाभर झाला. एका वैशाखात तिथेच वीज पडली, पाऊस मात्र आला नाही. पाला भडकला, साग शेंड्यापर्यंत होरपळला. आग मोहाच्या मातीपाशी येऊन विझली.

"मलाच का जाळलंस?" सागाने आभाळाला विचारलं.

वीज म्हणाली, "मी दरवर्षीच येते, सागोबा. टेकते आणि विझते. यंदा तुम्ही अंथरूण घालून ठेवलं होतंत."