कुड्याचं पूर्ण नाव

बसा. अहो, त्या दगडावर नको, इकडे ओट्यावर बसा. तो दगड ठकूचा. त्यावर आम्ही कुड्याची साल ठेचतो, आणि ठेचताना झाडाचं पूर्ण नाव मोठ्याने घेतो, ‘पांढरा कुडा’. दुसरीकडे म्हणतात, औषधाचं नाव सांगितलं की गुण जातो. आमच्या वाडीत उलटं. खालच्या आळीतल्या सखूने याचं काही वेगळं सांगितलं असेल तर विसरून जा. चहा बरा करते ती, पण गोष्ट तिला अर्धीच ठाऊक.

फार जुनी गोष्ट. या घरात दोन जावा होत्या, असं सांगतात. थोरली येसू, धाकटी ठकू. येसूला चिमी नावाची चार वर्षांची एकुलती लेक. ठकूची कूस उजवली नव्हती, पण तिच्या हाताला गुण होता. भादव्यात पाणी बिघडून हगवणीची साथ आली की अख्खी वाडी तिच्या दारात. ती रानातून कसलीशी साल पदराखाली झाकून आणायची आणि दार लावून उकळायची. नाव फुटलं तर गुण जाईल, असं तिच्या बापाने बजावलं होतं म्हणे.

दोघी एकमेकींवर नुसत्या जळायच्या. लोक ठकूला हात जोडत, ते येसूला बघवत नसे. चिमी ‘आये’ म्हणून येसूला बिलगली की ठकूच्या पोटात आग पडे. काय करणार, बायकांनो, एका चुलीवरचं जगणं!

एका भादव्यात साथ मोठी आली आणि ठकू स्वतःच आडवी झाली. उठून उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी चिमीलाही हगवण लागली. पोरीचे डोळे खोल गेले, मान टाकली तिने. येसूने सगळा तोरा गुंडाळून ठेवला आणि जावेच्या अंथरुणाशी येऊन बसली.

“ठके, पाया पडते तुझ्या. झाडाचं नाव सांग.”

ठकूच्या मनात आलं, हिला लेक आहे, घर आहे. माझ्याकडे हे एवढंच, तेही हिलाच देऊ? शेवटी म्हणाली, “कुडा.” ‘पांढरा’ हा शब्द ओठांवर आला होता. तो तिने गिळला.

येसू धावली. वाटेवर काळा कुडा दिसला, त्याचीच साल काढून आणली, ठेचली, उकळली. आणि पहिली वाटी, ऐका हं, चिमीला नाही, ठकूला आणून दिली.

“आधी तू घे. तुला तरतरी आली की पोरीला तूच पाज. माझ्या हाताला गुण नाही गं.”

येसू चिमीला उचलून आणायला गेली, तोवर ठकूने घोट घेतला. जीभ आखडावी असा कडूपणा त्यात नव्हता. ती तशीच सरपटत दारापर्यंत गेली आणि सारी वाडी गोळा होईल अशी ओरडली, “हा नव्हे, येसू! पांढरा कुडा! काळ्याच्या जोडशेंगा टोकाला चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या! तो आण!”

येसूने आणला. ठकूने स्वतःच्या हाताने काढा पाजला. तिसऱ्या दिवशी चिमीने पेज मागितली.

पण नाव फुटलं होतं. घरोघर साल उकळू लागली आणि ठकूच्या दारात कुणी फिरकेना. पुढच्या भादव्यात चिमीचं पोट पुन्हा बिघडलं. येसूने काढा केला, तर पोरीने तोंड घट्ट मिटलं. “तुझ्या हातचा नको. काकीच्या हातचा.” येसूचा जळफळाट झाला. तरी ती उंबऱ्यात आली आणि तिने हाक मारली, “ठके, ये गं बाई. पोर तुझ्याशिवाय घेत नाही.”

या सालीने पोटातले जंतू मरतात, असं आता शिकलेली माणसंही म्हणतात. लेकरू मलूल झालं तर आम्ही आधी दवाखाना गाठतो, तेवढी अक्कल आहे आम्हाला. पण आजही आमच्याकडे काढा उकळते आई आणि पाजते काकी. आईने उंबऱ्यात येऊन जावेला हाक मारायची. खालच्या आळीतली सखू माझी धाकटी जाऊ. माझ्या तिन्ही पोरांसाठी मी तिला हाक मारली, आणि दर वेळी जळून खाक झाले. पण मारली.