शिंग्याच्या डोळ्यांतले रक्त

पूर्वी मरुकंठ नगरात राजा वज्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व वाळूतल्या सरड्याच्या जन्माला आले. डोक्यावर शिंगांची रांग, अंग भाकरीसारखे चपटे, खाणे फक्त मुंग्यांचे. जवळच्या तळ्यात तशाच शिंगांचा एक बेडूक गळ्यापर्यंत चिखलात रुतून बसे आणि तोंडापुढून जाईल ते गिळे. लोक दोघांनाही शिंग्याच म्हणत.

एके दिवशी बेडकाने राजाचे लाडके तितराचे पिल्लू गिळले. राजाने रोहक पारध्याला बजावले, "सूर्य मावळायच्या आत शिंग्या हजर कर, नाहीतर तुझी मान उडवीन."

रोहक भर दुपारी आटलेले तळे खणत राहिला. वारा पडला होता. पायाखाली कुणीतरी सावकाश श्वास घेत आहे असे वाटे, पण खणावे तिथे नुसता चिखल. शेवटी त्याला आपली लेकरे आठवली आणि त्याने वाळूतला सरडा उचलला. चोर सोडून संन्याशाला सुळी!

पारध्यांची रीत अशी, की जीव घेण्याआधी त्या जिवाला त्याचा अपराध तोंडावर सांगायचा. रोहक पुटपुटला, "शिंग्या, पिल्लू तू खाल्लंस."

सरडा म्हणाला, "बाबा, मी नाही खाल्लं, हे तू जाणतोस. पण मी आलो नाही तर तुझी मान जाईल ना? मग चल."

रोहकाच्या अंगावर काटा आला. तरी तो चालू लागला.

दरबारात राजासमोर अपराध पुन्हा उच्चारायचा होता. रोहकाने तोंड उघडले, तोच तळहातावरच्या सरड्याच्या पापण्या फुगल्या आणि दोन्ही डोळ्यांतून रक्ताची धार लागली. आवाज नाही, तडफड नाही. ऊन रक्त रोहकाच्या कोपरापर्यंत आले. राजाचे शिकारी कुत्रे शेपूट घालून मागे सरकले. सरडा रोहकाकडेच बघत होता.

"महाराज, मी खोटारडा आहे!" रोहक ओरडला. "हा बिचारा मुंग्या खातो. पिल्लू खाणारा चिखलात दडलाय. माझी मान घ्या, पण याला सोडा!"

राजाने सरड्याला विचारले, "मग तू गप्प का राहिलास?"

"माझ्या एका शब्दानं याची लेकरं पोरकी झाली असती, महाराज. तोंड मी मिटून ठेवलं. डोळ्यांनी मात्र ऐकलं नाही."

राजा लाजला. त्याने दोघांनाही सोडले आणि भुकेपोटी गिळणाऱ्या बेडकाचाही नाद सोडला.

इतके सांगून भिक्खूंचे गुरू, शास्ते, जमलेल्या संघाला म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा हा संघ. रोहक म्हणजे काल निरपराध सोबत्यावर चोरीचा आळ घेणारा हा भिक्खू वप्पिय. आणि तो सरडा मीच होतो."

वप्पिय उठला आणि त्याने सोबत्याचे पाय धरले. तेव्हा शास्ते हळूच म्हणाले, "आपल्याला मारायला नेणाऱ्याच्याही लेकरांची काळजी वाहणे, हीच करुणा."