अकरा फाइली

एका तालुक्याच्या गावात उज्ज्वलाताई तांबट नावाच्या ग्रंथपाल होत्या. बावीस वर्षं त्यांनी वाचनालय सांभाळलं. कपाटात एक पुस्तक जरी आडवं दिसलं, तरी त्यांना चैन पडत नसे. पुढे वाचक आटले, वाचनालयाला कुलूप लागलं आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ताई रिकाम्या झाल्या. पण गप्प बसतील तर त्या ताई कसल्या! संगणकातले पुरावे शोधायला शिकवणारं एक केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. तिथे त्यांनी नाव घातलं. शेजारणींनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

केंद्र चालवणाऱ्या नूतन पठारे या उज्ज्वलाताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. तरी ताई त्यांना न चुकता मॅडम म्हणत. मॅडमनी पहिल्याच दिवशी दोन नियम सांगितले. पुराव्याची मूळ वस्तू उघडायची नाही, तिची हुबेहूब नक्कल करून त्या नकलेवरच काम करायचं. आणि जे जे कराल, ते वेळेसकट नोंदवहीत लिहायचं. ताईंना या शिक्षणाची इतकी गोडी लागली, की डबा खायचंही भान राहत नसे.

चौथ्या महिन्यात एका शाळेचा पेन ड्राइव्ह तपासायला आला. सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली होती आणि आळ आला होता दिगंबर नावाच्या लेखनिकावर. आळ खरा ठरला, तर बिचाऱ्याची नोकरी जाणार होती. मॅडमनी ताईंना पेन ड्राइव्हची नक्कल करायला सांगितली आणि त्या वर्गावर गेल्या.

ताईंनी तो संगणकाला जोडला. बघतात तर काय, सगळा पसारा! गणितात इतिहास, इतिहासात सहलीचे फोटो. बावीस वर्षांची सवय ती. ताईंनी पदर खोचला. एकेक फाइल उघडली, नाव दुरुस्त केलं, विषयवार लावली. अकरा फाइली झाल्या आणि ताई एकदम थांबल्या. नक्कल करायची राहूनच गेली होती. मूळ पेन ड्राइव्हवरच हात चालला होता, आणि त्या अकरा फाइलींवर आता आजची तारीख पडली होती.

खोलीत कोणी नव्हतं. संगणकाचं घड्याळ मागे फिरवून लबाड लोक खोटी तारीख कशी घालतात, हे ताई मागच्याच आठवड्यात शिकल्या होत्या. पाच मिनिटांचं काम. या वयात हसं होण्याची त्यांना फार भीती वाटली. हात माउसवर गेलाही. पण आपल्या एका खोट्या तारखेने दिगंबरच्या गळ्यात भलतंच काही अडकलं तर? ताईंनी नोंदवही ओढली. कोणत्या फाइली उघडल्या, कशात काय बदललं, किती वाजता, सगळं लिहून खाली सही केली आणि वही नेऊन मॅडमच्या हातात दिली.

मॅडम रागावल्या, चांगल्याच रागावल्या. मग दोघींनी मिळून नक्कल केली आणि त्या अकरा फाइली बाजूला काढून बाकीचं तपासलं. त्यातच प्रश्नपत्रिकेची एक लपवलेली प्रत सापडली. ती एका गुरुवारी दुपारी तयार झाली होती. शाळेच्या संगणकाचं घड्याळही मॅडमनी जाऊन पाहिलं, ते बरोबर होतं. आणि त्या गुरुवारी दिगंबर अकोल्याला बहिणीच्या लग्नात पंगतीला जिलेबी वाढत होता. दोनशे माणसांनी त्याला पाहिलं होतं.

केंद्राचा अहवाल शाळेच्या चौकशी समितीपुढे गेला. समितीचे अध्यक्ष घोरपडेसर मोठे कडक. पेन ड्राइव्हला केंद्रातच हात लागलाय, मग अहवाल खरा कशावरून धरायचा, असं त्यांनी विचारलं. ताईंनी नोंदवहीचं ते पान उघडून पुढे ठेवलं. सरांनी ते दोनदा वाचलं.

"स्वतःची चूक जिने मिनिटासकट लिहिली," सर म्हणाले, "तिचा बाकीचा अहवाल मी खरा धरतो."

दिगंबर निर्दोष सुटला. बाहेर येऊन त्याने ताईंना वाकून नमस्कार केला, तेव्हा तो रडत होता आणि हसतही होता. ताईंनी हसून त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांच्या टेबलावर नवीन काम ठेवलं, आणि नक्कल होईपर्यंत शेजारी न थांबता त्या पहिल्यासारख्याच निर्धास्तपणे वर्गावर निघून गेल्या.

तात्पर्य: शिकणाऱ्याच्या हातून चूक होणारच. ती लपवली तर चांगल्या कामावरचाही विश्वास उडतो, आणि कबूल केली तर बाकीच्या कामावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.