वळचणीची फांदी

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा पाली बोलत असत आणि माणसांना ते समजतही असे. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावामागे एक टेकडी होती आणि त्या टेकडीवर नुसता चाफा होता.

चाफा तुम्ही पाहिला असेल. झाड फार उंच होत नाही. फांद्या जाड आणि गुबगुबीत, पण वाकवायला गेलं तर कटकन मोडतात. मोडलं की पांढरं दूध गळतं. ते डोळ्यात गेलं तर झोंबतं. शेळीसुद्धा चाफ्याला तोंड लावत नाही. थंडीत त्याची सगळी पानं गळतात आणि प्रत्येक पान जाताना फांदीवर एक वण ठेवून जातं. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी, अंगावर एकही पान नसताना, उघड्या टोकांना फुलं येतात. पाच पाकळ्या, एकीच्या काठावर दुसरी रेललेली, आणि मधे हळद सांडल्यासारखा पिवळा रंग.

त्या गावाची एक रीत होती. घरात मूल जन्मलं की अंगणात चाफ्याचं बी लावायचं. चाफ्याला बैलाच्या शिंगांसारख्या जोडशेंगा येतात. त्या उकलल्या की आतून पंख असलेलं बी निघतं. मूल वाढे, झाड वाढे. पुढे ते माणूस गेलं की त्याच्या झाडाची फांदी तोडायची, दूध गळत असतानाच टेकडीवर नेऊन लावायची आणि पाणी घालायचं. लोक म्हणत, "दूध म्हणजे जीव. तो वाटेत सुकता कामा नये."

चैत्रात टेकडी फुलली की नावांचा दिवस येई. सारा गाव टेकडीवर जाई. एकेका झाडापाशी घरचं माणूस नावाची हाक मारी आणि मागून सारा गाव तीच हाक देई. ज्याची फांदी जगली नाही, त्याच्या नावाची हाक नसे. लोक म्हणत, "टेकडीने त्याला नाकारलं." मग ते नाव पुन्हा कोणी घेत नसे. थोड्याच फांद्या जगत. पुष्कळशा कुजत. आणि कुजल्या की लोक मान खाली घालून घरी येत.

हा सगळा कारभार एक म्हातारी पाही. तिला हाकेकरीण म्हणत. कोणत्या झाडापाशी कोणाची हाक, हे तिला तोंडपाठ होतं.

याच गावात एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत होते. आईबाप लवकर गेले होते. बहिणीनेच भावाला वाढवलं. भाऊ तापट होता. भूक लागली की भांडी आपटायचा, राग आला की जेवण सोडायचा. बहीण हसायची. चाफ्याच्या फुलाच्या पाकळ्या मागे वळवून देठात ओवायची आणि अंगठी करून त्याच्या बोटात घालायची. म्हणायची, "हं, राजे, आता रागावा. अंगठी तुटली तर राज्य गेलं." अंगठी तुटू नये म्हणून तो हात जपून धरायचा आणि तेवढ्यात राग निघून जायचा.

तो तिला अक्का म्हणायचा. जन्मात त्याने तिला दुसरी हाक मारली नव्हती.

एका पावसाळ्याच्या शेवटी अक्काला ताप आला आणि त्या तापात ती गेली.

भावाने काय केलं ते सांगतो. त्याने कुऱ्हाड घेतली आणि अंगणातला अक्काचा चाफा तोडायला लागला. "ती नाही, तर तू कशाला?" असं ओरडत त्याने झाड आडवं केलं. दुधाने त्याचे हात पांढरे झाले. तोडलेलं झाड त्याने ओढत नेऊन ओढ्यात लोटलं. ओढ्याला पूर होता. झाड वाहून गेलं. बुंध्यावर त्याने चुलीतले निखारे आणून ओतले.

हाकेकरीण काठी टेकत आली. तिने अंगणाकडे पाहिलं.

"अरे मेल्या," ती म्हणाली, "फांदी ठेवलीस का एखादी? आता टेकडीवर काय लावशील? तुझं डोकं?"

तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय करून बसलो. तो वेड्यासारखा ओढ्याच्या बाजूला धावला. झाड ओढताना तीन फांद्या मोडून कुंपणात अडकल्या होत्या. तेवढ्याच उरल्या होत्या. आता अक्काचं नाव राहणार की जाणार, ते त्या तीन फांद्यांवर होतं.

त्याने पहिली फांदी घेतली. रीतीप्रमाणे टोक नव्याने छाटलं, दूध गळतं ठेवून पळत टेकडी चढला आणि फांदी लावली. घागरीवर घागरी पाणी घातलं. थोड्याच दिवसांत फांदी खालून काळी पडली. हात लावला तर बोट आत गेलं. घाण वास आला.

दुसऱ्या फांदीला त्याने शेणखत घातलं, मोठा खड्डा केला, आळं बांधलं, आणखी पाणी घातलं. ती आणखी लवकर कुजली.

टेकडीवरून उतरताना गावचा पाटील भेटला. पाटील वाईट माणूस नव्हता, पण त्याला बोलल्यावाचून राहवत नसे.

"काय रे, टेकडी धुऊन काढतोस का? अरे, जगायचं ते दोन घागरींत जगतं. टेकडी नको म्हणतेय, तर पाया पडून गप्प बसावं."

भाऊ घरी आला आणि त्याने लावायला म्हणून तिसऱ्या फांदीचं टोक छाटलं, पण मग रागाने ती भिरकावली. ती घराच्या वळचणीत, वाशांच्या मधे जाऊन अडकली.

"च्, च्, च्," वळचणीतून आवाज आला. "फेकायच्या आधी बघत जा की! आमची पण घरं असतात."

तिथे एक पाल होती. तिची शेपूट अर्धीच होती. तिच्या टोकाला नवी, बारीक, फिकट शेपूट फुटत होती.

"तू गप," भाऊ म्हणाला.

"मी गपच असते. मी बोलले की तुम्ही लोक अपशकुन म्हणून जमिनीला बोटं लावता. बरं, ती फांदी कोणाची?"

"अक्काची. दे इकडे, लावायची आहे. ही शेवटची."

"शेवटची आहे ना? मग आधी टोकाला बोट लावून बघ."

त्याने ओट्यावर चढून फांदीच्या तुटल्या टोकाला बोट लावलं. बोटाला दूध लागलं.

"ओलं आहे," तो म्हणाला. "जिवंत आहे. म्हणून तर लगेच लावायची."

"ओलं आहे म्हणजे जखम उघडी आहे," पाल म्हणाली. "उघडी जखम तू चिखलात घालतोस आणि वरून पाणी ओततोस. दोन कुजवल्यास, तिसरीही कुजव. मला काय! माझी शेपूट मांजराने तोडली, तेव्हा मी ती चिखलात बुडवून बसले नाही. इथे कोरड्यात पडून राहिले. फार दुखलं. पण बघ."

आणि तिने ती हास्यास्पद शेपूट हलवून दाखवली.

भावाला राग आला. त्याने फांदी ओढायला हात घातला. पण ही शेवटची होती. त्याचा हात तिथेच थांबला. तो आयुष्यात पहिल्यांदा थांबला असेल.

"मग कधी लावू?" त्याने विचारलं.

"बोटाला दूध लागतंय तोवर नाही."

मग तो रोज सकाळी ओट्यावर चढे आणि बोट लावून बघे. दूध लागे. तो चिडे, पालीला शिव्या देई, पाल त्याला देई. कधी तो ओट्यावरच बसून रडे. तेव्हा पाल मात्र खाली सरकून त्याच्याजवळ येऊन बसे. गावातले लोक जाता-येता सांगत, "पुरे झालं आता. किती दिवस?" तो पुन्हा ओट्यावर चढे.

थंडी आली. फांदीची उरलेली पानं गळाली. जिथे पान होतं तिथे वण राहिला. आणि एके सकाळी त्याने बोट लावलं, तर बोट कोरडं. तुटलेल्या टोकावर कडक खपली धरली होती. त्या दिवशीही तो अक्काच्या आठवणीने रडला. पण त्या दिवशी त्याने चूल पेटवली, भाकरी केली आणि पोटभर जेवला.

फांदी मात्र सुरकुतली होती. सालीला आठ्या पडल्या होत्या.

"मेली ही," तो म्हणाला. "तुझं ऐकलं आणि घालवली."

"वाळली," पाल म्हणाली. "वाळणं वेगळं आणि मरणं वेगळं. तू मला मेलेली समजला होतास का, शेपूट तुटली तेव्हा?"

"मी तुला ओळखतही नव्हतो."

"तेच म्हणते मी. ओळख नाही आणि मेली म्हणून मोकळा."

चैत्र आला. नावांच्या दिवसाची सकाळ झाली. सारा गाव नवे कपडे घालून टेकडीकडे निघाला. भाऊ दाराला कडी लावून आत बसणार होता. इतक्यात त्याला वास आला. ओळखीचा, गोड, अक्काच्या केसांना यायचा तो वास. तो बाहेर धावला आणि वर पाहिलं.

वळचणीत फूल होतं. त्या सुरकुतलेल्या, उघड्या फांदीच्या टोकाला कळ्यांचा झुबका होता आणि त्यातलं एक फूल पुरतं उमललं होतं. पाच पाकळ्या आणि मधे हळद.

"बघतोस काय?" पाल ओरडली. "पळ की!"

तो फांदी छातीशी धरून पळाला. टेकडीवर हाका सुरू झाल्या होत्या. तो गर्दीतून वाट काढत मधे गेला आणि धापा टाकत म्हणाला, "माझ्या अक्काची हाक राहिली आहे."

पाटील पुढे आला. "तिचं झाड कुठे आहे?"

"हे काय."

"ही काठी? याला मुळं कुठे आहेत? रीत काय आहे? फांदी जगली पाहिजे."

"मुळं नाहीत," भाऊ म्हणाला. "पानं नाहीत. माती नाही, पाणी नाही. पाऊस गेल्यापासून ही वळचणीत पडून आहे. तरी फुलली. पाटीलकाका, तुमच्याकडे तर वाडीभर माती आहे, विहीरभर पाणी आहे. तुम्ही एक फूल काढून दाखवा!"

आधी एका बाईला हसू फुटलं. मग सारी टेकडी हसली. शेवटी पाटीलही हसला. म्हणाला, "मला नाही जमणार बुवा. पण जगली की नाही, ते हाकेकरणीने सांगावं."

म्हातारी पुढे आली. तिने फुलाकडे पाहिलं, मग फांदी उलटी करून तुटलेल्या टोकावर बोट ठेवलं. तिथली खपली चाचपली. बराच वेळ तिचं बोट तिथेच होतं.

"कोरडी केलीस?" तिने हळूच विचारलं.

"हो, आजी. दूध थांबेपर्यंत लावलीच नाही."

म्हातारीने फांदी त्याच्या हातात परत दिली. मग तिने काठी जमिनीवर आपटली. "जगली! मार हाक."

भावाने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "अक्का!"

"अक्का घरोघरी असतात," म्हातारी म्हणाली. "नाव घे, बाळा. तिचं नाव."

त्याने ते नाव कधी घेतलं नव्हतं. मोठ्या बहिणीचं नाव कोण घेतो? त्याला ते तोंडात आणता येईना. त्याने फुलाकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि सगळ्या अंगाचा जोर करून हाक मारली.

"आवडा!"

"आवडाऽऽ!" सारा गाव ओरडला. बायका ओरडल्या, पोरं ओरडली, पाटील सर्वांत मोठ्याने ओरडला. समोरच्या डोंगराने ते नाव परत पाठवलं. झाडांवरचे पक्षी उडाले. भाऊ रडत होता आणि हसत होता आणि पुन्हा पुन्हा तीच हाक मारत होता, आणि गाव त्याला साथ देत होता.

त्याने फांदी कोरड्या मातीत लावली. कोणीतरी घागर घेऊन आलं. तो म्हणाला, "पाणी नको. पाऊस येईल तेव्हा ती आपली आपण पिईल."

पाऊस आला आणि फांदी प्याली. तिला लांबरुंद पानं फुटली. चाफ्याच्या पानाच्या कडेने एक शीर फिरते, जसा कोणी दोरा घालून काठ शिवला असावा. भाऊ एकेका पानाचा काठ बोटाने चाचपून बघे. आणि जिथे पहिलं फूल येऊन गेलं होतं, तिथे एका फांदीच्या दोन फांद्या झाल्या. चाफा असाच वाढतो.

आता हाकेकरणीचं सांगायचं राहिलं. तिचा एकुलता मुलगा तरणाताठा गेला होता. त्याची फांदी तिने रीतीप्रमाणे ओलीच लावली होती आणि ती कुजली होती. तेव्हापासून ती साऱ्या गावाच्या हाका सांभाळत असे, पण पोटच्या पोराचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं. नावांच्या दिवसानंतर ती घरी गेली. अंगणात मुलाचा चाफा अजून उभा होता. तिने त्याची एक फांदी तोडली आणि वळचणीला टांगली.

लोकांनी विचारलं, "आजी, त्याला तर टेकडीने नाकारलं होतं ना?"

"टेकडीने कोणालाच नाकारलं नव्हतं," ती म्हणाली. "घाई आपली होती."

पुढच्या चैत्रात ती फांदी टेकडीवर गेली. म्हातारीने हाक मारली, "भिवा!" आवाज फाटका होता, पण गावाने तो उचलला आणि डोंगरापार नेला. मग दुसऱ्या घरांनी आपापल्या फांद्या वळचणीला लावल्या. आजोबांच्या, लेकींच्या, पाळण्यातून गेलेल्या पोरांच्या. वर्षानुवर्षं गप्प असलेली नावं एकेक करून परत आली आणि टेकडीवर रिकामी जागा उरली नाही.

वाटसरू त्या गावातून जाताना विचारत, "घरोघरी ही वाळकी लाकडं कशाला टांगली आहेत?"

लोक सांगत, "लाकडं नाहीत ती. आमची माणसं आहेत. तयार होत आहेत."

आणि त्या गावात पाल चुकचुकली, तर कोणी जमिनीला बोटं लावत नाही. म्हणतात, "थांब, ती काय म्हणते ऐक."

बोध: ताजी जखम घाईने पुरली तर ती कुजते, तिला कोरडी व्हायला वेळ दिला, तर तिलाच मुळं फुटतात.