शिकारबंदीचे चार महिने

कुंपण म्हणजे काय हे माळाला ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या माळावर भुंग्या नावाचा म्हातारा कुत्रा मेंढरं राखायचा आणि बाराही महिने लांडग्यांची शिकार करायचा. एका वर्षी कळपाची सभा भरली. लांडग्यांची पिल्लं लहान असतात ते चार महिने शिकार बंद ठेवावी, असं सोनुली मेंढीनं सुचवलं.

भुंग्याला ते फार लागलं. "सोनुले, गेल्या साली त्यांनी तुझंच कोकरू नेलं ना?" तो म्हणाला.

"नेलं. म्हणून तर बोलते," सोनुली म्हणाली. "त्याच्या आदल्या साली तू त्यांची आई मारलीस. पोरक्या पिल्लांना ससा धरायला शिकवणार कोण? मग त्यांना माझं कोकरूच सोपं वाटलं."

मतं घेतली, तर निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे पडली. आता एकट्या भुंग्याचं मत उरलं होतं.

"चार महिने बंद," तो म्हणाला. "पण कळपावर कोणी आलं, तर मी गप्प बसणार नाही."

"बसूच नकोस," सोनुली म्हणाली.

हिवाळ्यात एका दुपारी त्याला खडकापाशी लांडगीण दिसली. ती पिल्लांना सशामागे पळायला शिकवत होती. भुंग्याचे पाय शिवशिवले, पण तो जागचा हलला नाही.

परतल्यावर त्यानं पिल्लं दिसल्याचं सांगितलं, तेव्हा सोनुलीनं विचारलं, "किती आहेत?"

"चार. धाकट्याला अजून ससा धरता येत नाही," भुंग्या काळजीनं म्हणाला.

"येईल हळूहळू," असं म्हणत तिनं सरकून त्याला आपल्या उबेत जागा करून दिली.